तूप बंद केलं, तरी आकडा तिथेच

पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताची नळी सेंट्रिफ्यूजमधून काढली, की लाल पेशी तळाशी बसलेल्या असतात आणि वर फिकट पिवळं, आरपार दिसणारं सीरम असतं. एखाद्या नळीत मात्र ते चक्क दुधासारखं पांढरं निघतं. रिपोर्ट छापण्याआधीच टेक्निशियन ओळखतो: ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक चरबी, भलतंच वाढलंय.

उपाशीपोटी दर डेसिलिटरला 150 मिलिग्रॅमच्या आत असलं तर ठीक, 200 च्या पुढे जास्त, 500 च्या पुढे फारच जास्त. असा रिपोर्ट आला की घरात आधी तुपाची बरणी वरच्या फळीवर जाते. तीन महिन्यांनी आकडा जवळपास तोच! कारण साखर, मैदा, भात गरजेपेक्षा जास्त झाला, की यकृत त्याचीच चरबी बनवून रक्तात सोडतं. दारू तर या कामाला जोरच देते. संकष्टीची साबुदाण्याची खिचडी म्हणजेही बहुतांशी स्टार्चच, उपासाच्या नावाखाली खाल्लेला.

आकडा हजाराकडे गेला की मात्र तूप-तेलही खरोखर कमी करावं लागतं. अशा वेळी स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. पोटात कळ येऊन ती पाठीत गेली, उलट्या सुरू झाल्या, तर थेट दवाखाना गाठायचा. हे टाळण्यासाठी डॉक्टर बहुधा फेनोफायब्रेट देतात.

आकडा मध्यम असेल तर चिंता हृदयाची, आणि तिथे पहिलं औषध बहुधा स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी. नुसतं ट्रायग्लिसराइड उतरवून भागत नाही. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रॉमिनंट’ या औषध-चाचणीत फेनोफायब्रेटच्याच जातीच्या पेमाफायब्रेटने ते सुमारे 26 टक्क्यांनी उतरलं, पण हृदयविकाराचे झटके काही घटले नाहीत. दुकानातून आपल्या मनाने आणलेल्या माशाच्या तेलाच्या कॅप्सूलवरही भिस्त ठेवू नये. उपचारासाठी या तेलातलं ओमेगा-3 लागतं रोज साधारण 4 ग्रॅम, आणि एक-दोन कॅप्सूलमध्ये तेवढं नसतं.

वजन 5 ते 10 टक्के घटलं तर आकडा चांगलाच खाली येतो, रोजच्या चालण्यानेही फरक पडतो. गोळी सुरू करण्याआधी थायरॉइड आणि शुगर तपासली का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. कधी मूळ दुखणं तिथेच निघतं. आणि नेहमीची तपासणी असेल, पण आदल्या रात्री पार्टी झाली असेल, तर लॅबमध्ये दोन-तीन दिवस उशिरा गेलेलं बरं.