लेक बाळंतपणाला येतेय, म्हणून मांजर सोडू नका

मांजराचं खाद्य न्यायला येणारे बरेचजण काउंटरवर हळूच विचारतात, "लेक बाळंतपणाला येतेय, मांजर लांब नेऊन सोडू का?" नका सोडू. काळजी नेमकी कुठे घ्यायची ते सांगतो.

मांजरापासून गरोदर बाईला आजार लागेल, ही भीती खरी आहे. आजाराचं नाव टॉक्सोप्लाझ्मोसिस. जगातल्या साधारण एक तृतीयांश माणसांना त्याच्या परजीवीची लागण झालेली असावी असा अंदाज आहे. बहुतेकांना ते कळतही नाही. पण गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली तर ती बाळापर्यंत पोचू शकते. त्यातून कधी गर्भपात होतो, कधी बाळाच्या मेंदूत पाणी साठतं, कधी नजर अधू होते. अशी लागण घेऊन दरवर्षी जगात सुमारे १,९०,००० बाळं जन्मतात, असा अंदाज २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात छापून आला होता. प्रतिकारशक्ती खालावलेल्यांनाही हा आजार जड जातो.

आता मांजराचं. उंदीर किंवा कच्चं मटण खाऊन त्याला लागण होते आणि बहुधा आयुष्यात एकदाच, दोन-तीन आठवडे, विष्ठेतून परजीवीची अंडी पडतात. ताजी विष्ठा बाधत नाही. अंडी पिकायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून मांजराचा ट्रे रोज साफ करा, आणि ते काम गरोदर बाईला देऊ नका. मांजराला शिजवलेलंच घाला. कुरवाळल्याने सहसा काही होत नाही.

खरा धोका परसात आहे. ओल्या मातीत ही अंडी वर्षभरही टिकतात, आणि आपल्याकडे पावसाळ्यात माती सुकते कुठे? मृगाला भेंडी-पडवळ लावताना हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा. अळू, माठ भरपूर पाण्यात धुवा. बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर रात्री ताडपत्री टाका. मांजरं तिथेच जातात आणि सकाळी पोरं त्यातच खेळतात. उघड्या विहिरीचं पाणी उकळूनच प्या, क्लोरीनने ही अंडी मरत नाहीत.

मटण आतपर्यंत शिजू द्या, गुलाबी राहता कामा नये. कालवं, तिसऱ्याही अर्धकच्च्या नकोत. ती पाणी गाळून जगतात, त्यात जे असेल ते त्यांच्यात साठतं.

दिवस राहिल्याचं कळताच रक्ततपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. वेळेत कळलं तर औषधं आहेत.