उकिरड्याची खाण

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी म्हण आहे. शहराच्या कचराभूमीला मात्र बारा वर्षं काहीच नाहीत. अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठातले पुरातत्त्वज्ञ विल्यम राथजी १९७३पासून लोकांच्या कचऱ्याचा अभ्यास करत होते. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांच्या गटाने थेट कचराभूमीत खोल भोकं पाडली, तेव्हा आतून कित्येक दशकांपूर्वीची वर्तमानपत्रं निघाली आणि ती आरामात वाचता येत होती! दाबून भरलेल्या कचऱ्यात हवा पोहोचत नाही आणि ओलही सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे कुजण्याची गती फार मंदावते. त्या वर्तमानपत्रांवरच्या तारखा बघून संशोधक त्या त्या थराचं वय ठरवत.

इतकं सगळं आत शाबूत असेल, तर ते उकरून विकायला काय हरकत आहे? कल्पना जुनीच आहे. तेल अवीवजवळची कचराभूमी १९५३मध्ये उकरली गेली ती फळबागांना माती मिळावी म्हणून. त्याच्याही फार आधी, दोन हजार वर्षांपूर्वी, स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकाराने अथेन्सजवळच्या लॉरियमच्या चांदीच्या खाणींबद्दल लिहून ठेवलं आहे. खाणीतून फारसं काही निघेनासं झाल्यावर लोक पूर्वजांनी टाकून दिलेली धातूची मळी पुन्हा वितळवून तिच्यातून चांदी काढत होते, कारण जुन्या लोकांना धातुक, म्हणजे धातू असलेला दगड, नीट भाजता येत नव्हतं.

आज हे काम साधारण असं चालतं. उकरलेला कचरा आधी हवा देऊन सुकवतात, नाहीतर चिकट लगदा चाळणीला बसून राहतो. मग तो मोठ्या, फिरत्या, नळकांड्यासारख्या चाळणीत जातो. माती आणि बारीक चुरा खाली गळतो. हवेच्या झोताने प्लास्टिकच्या पिशव्या आणि चिंध्या उडून वेगळ्या होतात. लोखंड चुंबक उचलतो. ॲल्युमिनियमला चुंबक ओढत नाही, पण त्यासाठीची युक्ती मला या सगळ्या यंत्रणेत सर्वात देखणी वाटते. सरकत्या पट्ट्याच्या टोकाशी, रुळाच्या आत, चुंबक गरगर फिरत असतात. त्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे डब्याच्या पत्र्यात विजेचे भोवरे उठतात, ते स्वतःचं विरोधी चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात आणि डबा पट्ट्यावरून टुणकन पुढे उडतो. बाकीचा कचरा जागच्या जागी खाली पडतो. असं मिळालेलं ॲल्युमिनियम वितळवायला, खनिजापासून नवं करण्याच्या मानाने सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते.

इथपर्यंत सगळं छान. पण खाण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर धातू येतो आणि तिथेच गफलत होते. बहुतेक जुन्या कचराभूमींत वजनाने सर्वात जास्त निघते ती माती आणि चुरा; धातू जेमतेम काही टक्के. आता तांब्याच्या खाणीतल्या दगडातही तांबं बऱ्याचदा १ टक्क्यापेक्षा कमीच असतं, मग कचराभूमीच का परवडू नये? कारण खाणीतला दगड बऱ्यापैकी एकसारखा असतो. त्याच्यासाठी एकदा बसवलेली प्रक्रिया वर्षानुवर्षं चालते. कचऱ्यात दर फावड्याला नवा मासला. प्लास्टिकला चिखल चिकटलेला, लोखंड गंजलेलं, तारेभोवती चिंधी गुंडाळलेली. खर्च होतो तो हे सगळं एकमेकांपासून सोडवण्यात.

म्हणूनच अमेरिकेतल्या मेन राज्यातलं उदाहरण मला बोलकं वाटतं. तिथे २०११ ते २०१५ या काळात कचऱ्याच्या भट्टीतली राख पुरलेली जागा उकरली. तीस हजार टनांहून जास्त धातू मिळाला आणि त्याचं मोल ७० लाख डॉलरच्या पुढे गेलं. फरक एवढाच, की कागद, प्लास्टिक, अन्न हे सगळं भट्टीने आधीच जाळून टाकलं होतं आणि धातू राखेत साठत गेला होता. निवडण्याचं निम्मं काम आगीने करून ठेवलं होतं म्हणा ना.

जिथे असं नशीब नसतं, तिथे धंदा उभा राहतो तो मोकळ्या होणाऱ्या जागेच्या जोरावर. फ्लोरिडातल्या कॉलियर काउंटीने १९८६मध्ये कचराभूमी उकरायला घेतली, तेव्हा चाळलेली माती रोजच्या नव्या कचऱ्यावर पसरायला कामी आली आणि खाली जागा मोकळी झाली. वेगळं केलेलं प्लास्टिक आणि धातू मात्र आणखी स्वच्छ केल्याशिवाय विकण्याजोगे नव्हते. ही चाळलेली माती शेतात टाकण्याचा मोह टाळलेलाच बरा. तिच्यात शिसं, कॅडमियम, क्षार आणि प्लास्टिकचे बारीक कण असू शकतात.

उकरणं हेही निर्धोक नाही. ऑक्सिजनशिवाय कुजणाऱ्या कचऱ्यातून जो वायू निघतो, त्यात जवळपास निम्मा मिथेन असतो. खड्डा उघडला की तो बाहेर येतो आणि ठिणगी पडली तर पेट घेतो. शिवाय आत ॲस्बेस्टॉस असेल, दवाखान्यातला कचरा असेल, गंजलेल्या पिंपांत रसायनं असतील. जिथे कोणी काय टाकलं याची वही ठेवली आहे, तिथे निदान अंदाज बांधता येतो. सर्वात जुन्या जागांना बऱ्याचदा अशी वहीच नसते. तिथे आधी ठिकठिकाणी भोकं पाडून नमुने काढतात, मिथेन मोजतात, आणि हाती एखादा वर्तमानपत्राचा तुकडा लागलाच तर त्यावरची तारीख बघतात.