बोगोंग (हक्का भूमिदेव)

बोगोंग हा हक्का या चिनी समाजाचा भूमिदेव. इतर चिनी लोक त्याला तुदीगोंग म्हणतात, पण हक्का घरात हाक बोगोंग अशीच, आणि शब्दाचा अर्थ आहे आजोबांचा थोरला भाऊ. देवाला थेट नात्यातलाच करून टाकलंय, म्हणून त्याच्याशी बोलणंही घरातल्या म्हाताऱ्याशी बोलावं तसंच, बाळ झालं, म्हैस विकली, पोरगं शहरात चाललं, सगळं त्याच्या कानावर घालायचं.

याचं ठाणं बघायचं तर तैवानच्या काओश्युंगमधलं मेइनोंग गाव. इथली वस्ती १७३६ ची, आलेल्यांनी आधी बोगोंग बसवला आणि मग जमीन फोडायला घेतली. जुनी ठाणी उघड्यावर असतात, वर छप्पर नाही, मधे दगड, दोन्ही बाजूंनी आरामखुर्चीच्या हातांसारखे कठडे आणि मागे मातीचा उंचवटा, लांबून बघणाऱ्याला थडगंच वाटतं. तिथे मूर्ती लागतेच असं नाही, दगड किंवा जुनं झाड पुरतं. नावं जागेवरून पडतात, पुलाचा बोगोंग, विहिरीचा बोगोंग, बांधावरचा, झाडाखालचा. घरातही पूर्वजांच्या देव्हाऱ्याखाली एक भूमीचा देव असतोच.

हे सगळं पुढच्या पिढीकडे जातं कसं, तर मला विचाराल तर पाळीने. रोज उदबत्ती आणि चहा ठेवायचं काम घरोघरी फिरतं, आज या घराचं उद्या पलीकडच्या, आणि आजीबरोबर चहाचे छोटे पेले घेऊन जाणारं पोर न शिकवता सगळं शिकतं. वर्षाच्या सुरुवातीला गाव मिळून आशीर्वाद मागतं, वर्षअखेरीला तो फेडतं, मग एकत्र जेवण, त्याचा प्रमुख ठरवायला अर्धचंद्रासारखे दोन लाकडी तुकडे टाकून देवाचा कौल घेतात, एक सपाट बाजूवर आणि एक उलटा पडला की होकार. वाढदिवस चांद्र दुसऱ्या महिन्याच्या दोन तारखेला.

मध्य तैवानच्या दोंगशमध्ये तर पहिल्या पौर्णिमेला, म्हणजे कंदिलांच्या सणाला, वर्षभरात मुलगा झालेली घरं चिकट तांदळाच्या पिठाचे लाल, कासवाच्या नक्षीचे मोठे मोठे वडे बोगोंगपुढे ठेवतात आणि कुणाचा जास्त वजनाचा याची चुरस लागते. हल्ली मुलींसाठीही करतात, हे फार चांगलं झालं.

हक्का मंडळी जिथे गेली तिथे देव बरोबर गेला. मलेशियातल्या पेनांगच्या तानजुंग तोकोंगला तो तुआ पेक कोंग झाला, सिंगापूरलाही त्याची जुनी देवळं आहेत. आपल्याकडे कोलकात्याजवळ बजबज पुढच्या अछिपूरला भूमिदेव आणि त्याच्या बायकोचं देऊळ आहे, आसपासचे लोक त्यांना खुदा-खुदी म्हणतात. कोलकात्याच्या टँगरा या चिनी वस्तीतली बरीच हक्का घरं कॅनडाला गेली, तरी चिनी नववर्षानंतरच्या रविवारी उरलेली मंडळी पोराबाळांना घेऊन अजून अछिपूरला जातात.