गुडघा बदलल्यावर ब्लॉक कुठला? फिमोरल की अ‍ॅडक्टर कॅनाल, या वादामागं काय आहे

गुडघा बदलायचं ऑपरेशन म्हणजे काय हे आता बेळगाव, निपाणी, चिकोडीकडं कुणाला सांगायला नको. कमरेतल्या इंजेक्शननं ते होऊन जातं, भूल उतरली की मग खरी कळ सुरू होते आणि ब्लॉकचं, म्हणजे नसेजवळ औषध देऊन ती काही तास बधिर करण्याचं, काम तिथं.

अलीकडं आधी जोर एपिड्युरलचा होता, पाठीत बारीक नळी, कळ थांबायची पण दोन्ही पाय जड, बीपी खाली आणि लघवी अडकलेली. त्यात पायात गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करायची इंजेक्शनं रूढ झाली, ती आणि पाठीतली सुई एकत्र आली तर मणक्यात रक्त साचून पाय कायमचे जाऊ शकतात असा इशारा 1997 ला अमेरिकेत निघाला, आणि जांघेतला फिमोरल ब्लॉक पुढं आला.

फिमोरलनं कळ मस्त मारली जाते हे कुणी नाकारत नाही. पण ती नस मांडीचा पुढचा स्नायूही चालवते. सकाळी फिजिओ म्हणते, "मावशी, पाय सरळ ठेवून टाच उचला बघू," आणि टाच गादीवरून हलत नाही. असा माणूस रात्री कुणाला न उठवता बाथरूमला निघाला की गुडघा मोडून खालीच. म्हणून 2010 नंतर सुई मांडीच्या मधल्या भागात उतरली, अ‍ॅडक्टर कॅनालमध्ये (स्नायूंच्या मधली नसांची वाट), तिथं मुख्यतः संवेदनेच्या नसा, ताकद बरीच शाबूत राहते. फिमोरलवाले म्हणतात पडायला ब्लॉक एकटाच जबाबदार नाही, आधार द्या, एकट्याला उठू देऊ नका. खरंय, पण वॉर्डात रात्री माणसं किती असतात ते बघा की. त्यात आणखी घोळ असा की मांडीच्या मध्यावर दिलेला ब्लॉक बऱ्याचदा कॅनालच्या वरच, फिमोरल ट्रँगलमध्ये (जांघेखालचा त्रिकोणी भाग) पडतो, नाव मात्र कॅनालचंच, मग दोन अभ्यासांची तुलना करायची कशी? औषध जास्त भरलं तर ते वर चढून स्नायू ढिला पडू शकतो.

आपल्याकडं हा बदल रेंगाळायला सोनोग्राफी मशीनचंही कारण आहे. फिमोरल नस करंटच्या सुईनं सापडते, गुडघ्याची वाटी नाचली की जागा बरोबर. कॅनालमधली मुख्य नस नुसती संवेदनेची, तिला करंट देऊन काही हलत नाही, म्हणजे सोनोग्राफी पाहिजेच. आणि गर्भलिंग निदानाविरुद्धच्या 1994 च्या कायद्यामुळं मशीन नोंदणीच्या जागेला बांधलेलं. आज मिरजेत, उद्या चिकोडीत केस घेणाऱ्या भूलतज्ज्ञानं ते गाडीत टाकून न्यायचं म्हटलं तर जमत नाही. कायदा हवाच, पण त्याची झळ इथं बसली.

गुडघ्याच्या मागची कळ मात्र या दोन्ही ब्लॉकनं जात नाही. मांडीच्या मागच्या मोठ्या नसेला दिलेल्या सायटिक ब्लॉकनं ती जाते, पण पंजाच लुळा पडतो, मग ऑपरेशनमध्ये नसेला इजा झाली का हे सर्जनला कळत नाही. त्यामुळं सांध्यातच औषध मुरवणं (2008 पासून गाजलेलं) किंवा गुडघ्यामागं धमनी आणि सांध्याच्या मधे द्यायचा आयपॅक ब्लॉक. एकदाच दिलेला ब्लॉक साधारण बारा ते चोवीस तास टिकतो, म्हणून दुसऱ्या रात्रीची गोळी कळ वाढायच्या आधीच द्यायला सांगतात.