सरकारचं कर्ज आणि सरकारची थकहमी, यात आपण गडबड करतो

अधिवेशन सुरू झालं की एखादा आमदार उभा राहतो आणि राज्यावर इतके लाख कोटींचं कर्ज झालं, प्रत्येक माणसाच्या डोक्यावर इतके हजार, असा आकडा सांगतो, तेवढी क्लिप दिवसभर फिरते आणि खाली लोक भांडतात. भांडायला हरकत नाही. पण त्या आकड्यात थकहमी, म्हणजे दुसऱ्याच्या देण्याला सरकार जामीन राहतं ती, धरलीये की नाही हे कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते उत्तरदायित्वाचा खरा घोळ तिथेच आहे.

आधी साधं उदाहरण. आमच्या वडिलांनी पतसंस्थेतून एकदा स्वतःसाठी कर्ज काढलं, ते दर महिन्याला पगारातून कापलं जायचं, पगाराच्या स्लिपवर दिसायचं, आईलाही माहीत होतं. आणि एकदा ते ऑफिसातल्या एका मित्राला जामीन राहिले. ते मात्र घरात कोणालाच माहीत नव्हतं. सही केली, चहा प्यायले, विसरले. चार वर्षांनी मित्राचे हप्ते थकले आणि कपात यांच्या पगारातून सुरू झाली, तेव्हा आईला कळलं. पुढचं सांगत नाही.

सरकारचं अगदी तेच आहे. सरकार स्वतः कर्ज काढतं तेव्हा ते बाजारातून काढतं, राज्यांच्या रोख्यांचा लिलाव रिझर्व्ह बँक करते, बहुतेक वेळा मंगळवारी, किती रक्कम आणि काय दराने हे त्याच दिवशी जाहीर होतं. बजेटमध्ये ते जमेच्या बाजूला दिसतं आणि व्याज खर्चाच्या बाजूला. म्हणजे कर्ज कितीही वाढलं तरी निदान दिसतं तरी. थकहमीत सरकार पैसे घेतच नाही. महामंडळ घेतं, साखर कारखाना घेतो, वीज कंपनी घेते, सरकार फक्त म्हणतं की यांनी नाही फेडलं तर आम्ही फेडू. त्या दिवशी तिजोरीतून रुपया जात नाही, उलट थोडं हमी शुल्क मिळतं, त्यामुळे तूट वाढत नाही आणि मथळा होत नाही.

आता गंमत बघा, राज्यघटनेत दोन्ही गोष्टी एकाच कलमात आहेत. केंद्रासाठी २९२, राज्यांसाठी २९३. संचित निधीच्या, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीच्या, तारणावर कर्ज काढता येईल आणि हमी देता येईल, पण संसदेने किंवा विधिमंडळाने मर्यादा घातल्या असतील तर त्या मर्यादेत, असं ते आहे. "असतील तर" हे महत्त्वाचं, कारण मर्यादा घालायलाच पाहिजे असं त्यात नाही. १९४९ च्या ऑगस्टमध्ये संविधान सभेत यावर चर्चा झाली तेव्हा बाबासाहेब आंबेडकरांनी साफ सांगितलं होतं की संसदेने कायदे करून सरकारच्या कर्ज काढण्यावर मर्यादा घालावी अशी नुसती आशा नाही, अपेक्षाच आहे. म्हणजे चावी लोकप्रतिनिधींच्या हातात दिली होती. ती फिरवायला केंद्रात २००३ उजाडलं, तेव्हा सरकारची तूट आणि कर्ज आटोक्यात ठेवण्यासाठीचा एफआरबीएम कायदा आला, आपल्याकडे महाराष्ट्राचा २००५ मध्ये. केंद्राच्या कायद्यात एका वर्षात नव्या हमी जीडीपीच्या अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त देता येणार नाहीत असं आहे, ही चांगली गोष्ट.

एक गोष्ट मात्र कर्जाच्या बाजूलाही खटकते. बजेटच्या पुस्तकात खर्च दोन प्रकारचा लिहिलेला असतो, दत्तमत आणि भारित. दत्तमत खर्चावर सभागृह मतदान करतं. कर्जाचं व्याज आणि परतफेड भारित असते, तिच्यावर चर्चा करता येते पण मतदान नाही. कारणही बरोबर आहे, उद्या सभागृहाने व्याज नामंजूर केलं तर राज्याला कर्ज देणार कोण. पण याचा अर्थ असा की आमदाराला खरी संधी कर्ज काढण्याआधी असते, नंतर फक्त भाषण.

हमीत तीही संधी नीट मिळत नाही. आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या वीज प्रकल्पाचं. गुहागर तालुक्यातला दाभोळचा प्रकल्प, वीज घेणार वीज मंडळ, मंडळाने बिल नाही भरलं तर राज्य सरकारची हमी, आणि राज्याने नाही दिलं तर वर केंद्राची प्रतिहमी. (म्हणजे हमी दरवेळी कर्जाचीच असते असंही नाही, इथे वीजबिलाची होती.) नव्वदच्या दशकात कागदावर सगळं छान होतं, २००१ च्या सुरुवातीला मंडळाची बिलं थकली आणि कंपनीने आधी राज्याची हमी आणि मग केंद्राची प्रतिहमी वापरायला काढली. सहकारी साखर कारखान्यांच्या थकहमीची गोष्ट तर गावोगावी माहीत आहे, कारखाना बुडाला की बँक सरकारच्या दारात.

आणि मग तिसराच प्रकार, जो दोन्हींच्या मधे लपतो. कर्ज महामंडळाच्या नावावर, हमी सरकारची, पण महामंडळाला स्वतःचं उत्पन्नच नाही, त्यामुळे हप्ता पहिल्या दिवसापासून सरकारच्याच बजेटमधून जाणार. ही हमी नाहीच, हे कर्जच आहे, फक्त दुसऱ्याच्या नावावर. कॅग, म्हणजे सरकारचे हिशेब तपासणारी घटनात्मक संस्था, यावर वर्षानुवर्षं लिहितंय. २०२२ पासून केंद्राने अशी कर्जं राज्याच्याच कर्जमर्यादेत मोजायला सुरुवात केली, त्यावरून केरळ चिडलं, डिसेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०२४ मध्ये प्रकरण घटनापीठाकडे पाठवलं गेलं. केरळचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही, राज्याने किती कर्ज काढायचं हे दिल्लीने का ठरवावं हा प्रश्न रास्तच आहे, पण लपवाछपवीला ते उत्तर होत नाही.

मग आमदाराने काय करायचं? एकूण कर्जाचा आकडा ओरडून फार काही होत नाही, कारण मंत्री लगेच म्हणतात की राज्याच्या उत्पन्नाच्या प्रमाणात आपण मर्यादेतच आहोत, आणि तिथे विषय संपतो. कॅगच्या वित्त लेख्यांमध्ये, म्हणजे राज्याच्या वार्षिक हिशेबात, हमींचं वेगळं विवरणपत्र असतं, कोणत्या क्षेत्राला किती हमी, किती शिल्लक, किती अंगावर आली, हमी शुल्क किती यायचं होतं आणि किती आलं. तारांकित प्रश्न, ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं, यावर टाकायचा, संस्थेचं नाव घेऊन, की हिने गेल्या तीन वर्षांत स्वतःच्या पैशातून किती हप्ते भरले. शून्य असं उत्तर आलं तर ती हमी कर्जात धरा असं सभागृहात रेकॉर्डवर मागायचं.

वडिलांच्या बाबतीत आईने नंतर तेच केलं होतं, कुठे कुठे सही केलीये ते सगळे कागद टेबलावर मांडायला लावले. अजून दोन निघाले.