सेप्टिक टाकीसाठी जमिनीची तपासणी

सेप्टिक टाकीतून बाहेर पडणारे घरगुती सांडपाणी मुरवून घेण्यास आणि मुरता मुरता ते शुद्ध करण्यास एखादी जमीन लायक आहे का, हे ठरविण्याची पद्धत. टाकीत जड मैला तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधले गढूळ पाणी पुढे जाते. त्यात रोगजंतू भरपूर असतात आणि नायट्रोजनही फारसा घटलेला नसतो. शुद्धीकरणाचे खरे काम शोषचराखालची, म्हणजे टाकीतले पाणी जमिनीत मुरवणाऱ्या चराखालची, माती करते. टाकी कितीही पक्की बांधली, तरी खालची जमीन वाईट असेल तर सगळा खर्च वाया जातो.

पाणी मुरले पाहिजे, पण सावकाश. घट्ट चिकणमातीत ते मुरतच नाही; अंगणात वर येते किंवा संडासात तुंबते. भरड वाळूतून ते इतक्या झपाट्याने उतरते की जंतू गाळले जाण्याआधीच भूजलाला मिळतात. ‘आमची जमीन पाणी लगेच पिते’ हे घरमालक कौतुकाने सांगतो, तेव्हा तपासणाऱ्याने सावध व्हावे. भुसभुशीत पोयटा सर्वांत चांगला. चराच्या तळाखाली हवा खेळती असलेला, पाण्याने न भरलेला मातीचा थर लागतो. जंतू मुख्यतः तेथेच अडतात व मरतात. अनेक नियमावल्यांत त्याची जाडी 60 ते 120 सेंमी मागितलेली असते. सांडपाण्यातल्या नायट्रोजनपासून बनणारे नायट्रेट मात्र मातीत अडकत नाही, पाण्याबरोबर पुढे जाते. त्यामुळे विहिरी किती जवळ आहेत आणि घरे किती दाट आहेत, हेही पाहावे लागते.

तपासणीचा गाभा म्हणजे चाचणीचा खड्डा. त्याची एक बाजू सुरीने खरवडून थर उघडे करतात. प्रत्येक थरातली माती ओली करून, मळून, अंगठा व तर्जनी यांमध्ये दाबत तिची पट्टी काढतात. पट्टी 2.5 सेंमीच्या आत तुटली तर चिकणमातीचे प्रमाण कमी. 5 सेंमीहून लांब निघाली तर माती चिकण. आडव्या पापुद्र्यांचा थर लागला, तर पोत चांगला असूनही पाणी अडते.

सर्वांत बोलका पुरावा रंगाचा. एकसारखी तांबूस-तपकिरी माती सहसा चांगला निचरा दाखवते. करड्या मातीत गंजासारखे ठिपके दिसले, तर वर्षातील काही काळ पाणी तेथवर चढते असे समजावे: साचलेल्या पाण्यात प्राणवायू संपतो, लोह विरघळून सरकते आणि जेथे पुन्हा हवा मिळते तेथे गंजून साठते. रंगाची नोंद मन्सेल रंगतक्त्याशी, म्हणजे रंगांच्या प्रमाणित नमुन्यांच्या तक्त्याशी, ताडून करतात. ऐन उन्हाळ्यात खड्डा कोरडा ठणठणीत असला, तरी हे डाग ओल्या महिन्यांतली पातळी सांगतात. काही खडकांची माती मुळातच करडी असते, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते.

पाझर चाचणी अधिक परिचित आहे. लहान खड्डा आधी पाणी भरून चांगला भिजू देतात. मग पातळी ठराविक अंतर, बहुधा 2.5 सेंमी, उतरायला किती मिनिटे लागतात ते मोजतात. 1920 च्या दशकात न्यूयॉर्क राज्यात हेन्री रायन यांनी ती रूढ केली. आकडा हाती येतो म्हणून ती लोकप्रिय आहे; पण एकट्या त्या आकड्यावर विसंबणे धोक्याचे. चाचणी स्वच्छ पाण्याने होते, तर प्रत्यक्ष वापरात चराच्या तळाशी जंतूंचा बुळबुळीत थर साचून पाझर बराच मंदावतो. खणताना ओल्या चिकणमातीच्या भिंती लिंपल्या गेल्या, तर पाझर खोटा कमी दिसतो. फुगणाऱ्या मातीच्या भेगांतून कोरड्या दिवसांत पाणी गडप होते आणि पावसाळ्यात त्याच भेगा मिटतात.

उतार, कातळाची खोली आणि पुराची शक्यताही नोंदवतात. भेगाळ चुनखडीवर विशेष जपावे लागते, कारण भेगेत शिरलेले पाणी गाळले जात नाही. माती उथळ असेल तर वरून वाळूचा भराव घालून उंचवट्यावर शोषण-क्षेत्र करतात. मंद पाझराच्या जमिनीत चरांची लांबी वाढवतात. योग्य ठरलेली जागा बांधकाम संपेपर्यंत कुंपण घालून राखावी. तिच्यावरून वाळूचे ट्रक गेले, तर माती दबून आधीची चाचणी निरर्थक ठरते.