तांबं खाणारं लोखंड

पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत प्रोजेक्टची खरेदी करणारी पोरं रेझिस्टर-कपॅसिटरबरोबर पिवळट-तपकिरी खड्यांची पुडीही मागतात. ते फेरिक क्लोराइड, म्हणजे लोखंड आणि क्लोरीनचा क्षार. तांब्याचा थर असलेल्या बोर्डावर मार्करनं सर्किट रेखायचं आणि बोर्ड या खड्यांच्या द्रावणात सोडायचा. शाईखालचं तांबं शाबूत राहतं, उघडं तांबं विरघळतं. झाला पीसीबी, म्हणजे छापील सर्किटचा बोर्ड!

गंमत अशी, की हेच तांबं नुसत्या हायड्रोक्लोरिक आम्लाला दाद देत नाही. मग लोखंडाच्या क्षारापुढे का हरतं? फेरिक अवस्थेतल्या लोखंडानं तीन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात आणि त्यातला एक परत मिळवायला ते टपलेलं असतं. आम्लातल्या हायड्रोजन आयनाला इतकी ओढ नसते. तांब्याचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडतो, म्हणजे एका अणूमागे फेरिकचे दोन आयन खर्ची पडतात. 1 ग्रॅम तांब्याला दुकानातले साधारण साडेआठ ग्रॅम खडे लागतात. पुडी लवकर संपते ती त्यामुळे.

तो तिसरा इलेक्ट्रॉन काढणंही सोपं नाही. लोखंडाचा कीस आम्लात टाकला, तर दोनच इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाच्या क्षारावर, फिकट हिरव्या फेरस क्लोराइडवरच गाडी अडते. पुढे क्लोरीन वायू सोडावा लागतो. तापलेल्या लोखंडावरून कोरडा क्लोरीन नेला तर मात्र थेट निर्जल, म्हणजे पाण्याचा अंश नसलेलं फेरिक क्लोराइड मिळतं. त्याचे स्फटिक वरून हिरवे चमकतात, आरपार पाहिले तर जांभळट-लाल दिसतात.

पुडीतल्या खड्यांत रेणूमागे पाण्याचे सहा रेणू असतात. नुसतं तापवून ते घालवता येत नाहीत. क्षारच पाण्याशी अभिक्रिया करतो आणि हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा वायू सुटतो. शिवाय हे खडे सुमारे 37 अंशांना वितळतात. पुण्यात एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या बरणीत चिखल झाला, तर दुकानदाराशी भांडू नका. पावसाळ्यात झाकण सैल राहिलं तरी हवेतला ओलावा ओढून तेच होतं.

द्रावण प्लास्टिकच्या किंवा काचेच्या भांड्यात करा, स्टीलच्या नाही. ते गरम होतं, म्हणून पाण्यात खडे थोडेथोडे टाका. हातमोजे आणि चष्मा हवाच. वापरून हिरवं पडलेलं द्रावण मोरीत ओतू नका, त्यातलं तांबं माशांना विषारी असतं. लोखंडी खिळे टाकून ठेवले की बरंचसं तांबं लालसर थर होऊन खिळ्यांवर बसतं. उरलेलं धुण्याच्या सोड्यानं निवळवावं आणि खाली बसलेला गाळ कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या रासायनिक कचऱ्यात द्यावा.